जुन्या ताम्रनाण्यांची स्वच्छता व जतन

लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे रेणा नदीच्या काठचे गाव रेणुकादेवीच्या स्थानामुळे सर्वश्रुत आहे. रेणा पुढे मांजरेस मिळते आणि मांजरेचे हे खोरे प्राचीन काळापासून मानवी वस्तीने गजबजलेले आहे. येथील अनेक जुन्या गावांचे गावठाण सभोवतालच्या काळ्या रानाहून उंचवट्यावर असते आणि त्याची माती पांढुरकी असते. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या घरांच्या भिंती, चुलीतील राख आणि शेणकूर यांचे थर साचून हा उंचवटा झालेला असतो. म्हणूनच लोक त्यास ‘पांढर’ म्हणतात. माळवदाच्या घरांवर पसरण्यासाठी आणि शेतात खत म्हणून घालण्यासाठी ही माती खणून नेण्याचा प्रघात मराठवाड्यात फार जुना आहे. अशा खणण्यात खापरे व मणी यांच्याबरोबर कधी कधी हिरव्या पुटाने माखलेली, वाटोळी किंवा ओबडधोबड चकतीही हाती लागते. तेच तांब्याचे जुने नाणे होय.

या नाण्याचे पुढे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. बहुतेक वेळा ते घरी येते आणि देवघरातील तांब्याच्या भांड्यांबरोबर चिंच, मीठ व राख यांनी घासले जाते. पाव तासात ते लालभडक चमकू लागते. काही वेळा शाळेतील उत्साही शिक्षक हेच काम लिंबाच्या रसाने करतात आणि विद्यार्थ्यांना नाणे ‘नव्यासारखे’ करून दाखवितात. हेतू निर्मळ असतो. परंतु त्या पाव तासात शेकडो वर्षे टिकलेली अक्षरे नाहीशी होतात आणि ती कोणत्याही उपायाने परत आणता येत नाहीत. तांब्याचा गडवा घासणे आणि तांब्याचे नाणे घासणे यांतील हा फरक नाणेसंग्राहकांनी, तसेच ज्यांच्या हाती अशी नाणी प्रथम येतात त्या शिक्षकांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या भागातील ताम्रनाणी

सोन्या-चांदीची नाणी राजकोशात, सावकाराच्या तिजोरीत व मोठ्या व्यापारात फिरत. तांब्याचे नाणे बाजारहाटात फिरे. त्यामुळे सामान्य जनांच्या व्यवहाराचा इतिहास मुख्यत्वे ताम्रनाण्यांत साठविलेला आहे. मराठवाड्यात हा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि गोदाकाठचे पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही त्या काळातील व्यापारी नगरे होत. सातवाहनांची नाणी तांब्याप्रमाणेच शिसे व पोटीन या मिश्रधातूचीही आढळतात.

मुहम्मद तुघलकाने सुमारे १३२९ ते १३३२ या काळात चांदीच्या टंक्याऐवजी पितळ व तांब्याची सांकेतिक नाणी चालविली. त्यांपैकी काही नाणी दौलताबादेच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. त्यानंतर बहमनी सुलतानांची तांब्याची नाणी विपुल प्रमाणात निघाली. पुढे अहमदनगरची निजामशाही आणि मोगल यांची नाणी आली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. महाराजांच्या पश्चातही शिवराई अनेक टांकसाळींतून दीर्घकाळ पाडली जात होती आणि त्यामुळे तिच्या अक्षरांच्या वळणात, शुद्धलेखनात, ठिपक्यांत व चिन्हांत असंख्य भेद आढळतात. अभ्यासक याच भेदांवरून एक शिवराई दुसरीपासून वेगळी ओळखतात. त्यानंतरच्या काळातील हैदराबाद संस्थानची तुघ्रा असलेली दोन पैची नाणी आणि ब्रिटिश अमदानीतील १९४३ साली निघालेला भोकाचा पैसा आजही जुन्या घरांतील डब्यांतून सापडतो.

यांतील बहुसंख्य नाणी हाताने पाडलेली आहेत. साचा नाण्याहून मोठा असल्यामुळे मजकुराचा काही भागच नाण्यावर उमटतो. टांकसाळीचे नाव किंवा वर्षाचा आकडा नाण्याच्या अगदी कडेला, अर्धवट उमटलेला असतो. नाणे कोणाचे, कोठले व केव्हाचे हे त्या अर्धवट खुणेवरून ठरते. ती खूण घासण्यात गेली, की हाती केवळ तांब्याचा तुकडा उरतो.

हिरवे पूट म्हणजे काय ?

तांबे जमिनीत पडून राहिले म्हणजे त्याची हवा, ओलावा व मातीतील क्षार यांच्याशी क्रिया होते. धातूला लागून प्रथम तांबडा थर तयार होतो. हे तांब्याचे ऑक्साइड. त्यावर हिरवा किंवा क्वचित निळा थर चढतो. ही तांब्याची कार्बोनेटे होत. हा थर कठीण, एकसंध व गुळगुळीत असेल, तर तो आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज धातूस खात जातो. तांब्यावरील असे पूट मात्र पुढील झीज बरीचशी थोपवून धरते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. नाणे ज्या दिवशी टांकसाळीतून बाहेर पडले, त्या दिवशीचा त्याचा पृष्ठभाग आज पुष्कळदा धातूवर नसतो, तर या पुटाच्या थरांत असतो. वरचा धातू हळूहळू क्षारात रूपांतरित होतो, परंतु अक्षरांची उंची-सखली त्या क्षाराच्या थरात जशीच्या तशी राहते. म्हणजेच अक्षरे पुटात असतात. पूट काढून आतील धातू उघडा केला, तर अक्षरे स्वच्छ होत नाहीत, ती पुटाबरोबर धुऊन जातात. आत उरते ती खाचखळग्यांची, नाव-गाव नसलेली चकती. ‘आधी मळ काढू, मग वाचू’ हा विचार म्हणूनच घातक ठरतो.

पुटात आणखीही पुरावा असू शकतो. नाणी पुरचुंडीत बांधून पुरलेली असतील, तर कापडाचे धागे तांब्याच्या क्षारांनी भारले जाऊन त्यांची वीण नाण्यावर उमटलेली आढळते. कापड केव्हाच कुजून गेलेले असते. त्याची विणकाम-पद्धती मात्र या हिरव्या पुटात वाचता येते.

चिंच, लिंबू व मीठ यांचा परिणाम

चिंचेत टार्टारिक आम्ल असते व लिंबात सायट्रिक आम्ल. ही आम्ले ऑक्साइड व कार्बोनेट विरघळवितात आणि म्हणूनच भांडे उजळते. भांड्याच्या बाबतीत हेच अपेक्षित असते. नाण्याच्या बाबतीत याच क्रियेने पृष्ठभाग विरघळतो. राखेतील किंवा रांगोळीतील बारीक खर अक्षरांच्या कडा बोथट करते. मीठ हे तर सर्वांत अपायकारक होय, कारण त्यातील क्लोराइड नाण्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते आणि पुढे सांगितलेल्या रोगाचे बीज पेरते.

बाजारात मिळणारे धातू चमकविण्याचे लेप, तारेचा काथ्या, दंतमंजन, तसेच विजेच्या प्रवाहाने पूट उतरविण्याची घरगुती युक्ती हे सर्व प्रकार याच कारणास्तव वर्ज्य समजावेत. परदेशांतील काही संग्राहक नाणी महिनोन् महिने ऑलिव्हच्या तेलात बुडवून ठेवीत. आपल्याकडेही खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोळण्याची हौस दिसते. वनस्पतिजन्य तेलात मेदाम्ले असतात. ती तांब्यावर सावकाश क्रिया करतात. शिवाय तेल खवट व चिकट होऊन त्यावर धूळ बसते. दिसायला नाणे गडद व तुकतुकीत झाले, तरी त्याचे हित झालेले नसते.

संग्राहकांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. जाणकारांत घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. मूळ पूट शाबूत असलेले नाणे मळकट दिसत असले, तरी त्याला अधिक मोल असते.

ओळखावयाचा रोग

सर्वच हिरवे पूट निरुपद्रवी असते असे मात्र नाही. जमिनीतील किंवा मिठातील क्लोराइडमुळे नाण्याच्या आतील भागात तांब्याचा एक अस्थिर क्षार तयार होतो. त्यास हवेतील ओलावा व प्राणवायू मिळाला, की तो फुगून फिकट हिरव्या भुकटीत रूपांतरित होतो आणि त्या क्रियेत पुन्हा आम्ल निर्माण होते. हे आम्ल आतील ताज्या तांब्यावर हल्ला करते व तोच अस्थिर क्षार पुन्हा तयार होतो. याप्रमाणे हे चक्र चालू राहते आणि नाणे आतून पोखरले जाते. शास्त्रज्ञ याला कांस्यरोग म्हणतात. नावात कांसे असले, तरी निव्वळ तांब्याच्या नाण्यासही तो जडतो.

निरोगी पूट व रोग यांतील भेद साध्या भिंगाने ओळखता येतो. निरोगी पूट गर्द हिरवे, तपकिरी किंवा काळसर असते. ते घट्ट असते व बोट फिरविले असता झडत नाही. रोगाचे डाग फिकट, पोपटी छटेचे, भुसभुशीत व ठिपक्याठिपक्यांचे असतात. नाणे कागदावर ठेवले असता कागदावर हिरवी भुकटी पडलेली दिसते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा रोग निद्रिस्त राहतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत जागा होतो. म्हणून संग्रहाची तपासणी निदान पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यात दोन-तीनदा अवश्य करावी. रोगट नाणे आढळल्यास ते ताबडतोब वेगळे करून कोरड्या डबीत ठेवावे. रोग एका नाण्यावरून दुसऱ्यावर जंतूंसारखा पसरत नाही. परंतु पोषक दमटपणा एकाच पेटीतील सर्व नाण्यांना सारखाच बाधतो.

घरी किंवा शाळेत काय करता येईल ?

कमीत कमी हस्तक्षेप हे जतनशास्त्राचे पहिले सूत्र आहे. त्यास अनुसरून पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम नोंद करावी. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे. शक्य झाल्यास सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्यावे. वजन हा नाण्याच्या ओळखीचा महत्त्वाचा पुरावा असतो आणि स्वच्छतेत तो घटू शकतो.

२. नाणे कडेने धरावे. बोटांच्या घामात क्षार असतात. त्यांचे ठसे तांब्यावर कायमचे उमटतात. सुती किंवा रबरी हातमोजे घालणे उत्तम.

३. नाणे सावलीत पूर्ण वाळू द्यावे. सुटी माती चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने झाडावी. घट्ट बसलेले ढेकूळ बांबूच्या चोयीच्या टोकाने किंवा बाभळीच्या काट्याने, भिंगाखाली, अगदी हलक्या हाताने सोडवावे. सुई, ब्लेड वा खिळा वापरू नये. तांब्याहून कठीण वस्तू नाण्यास लागू देऊ नये.

४. माती न सुटल्यास नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवावे व पाणी रोज बदलावे. विहिरीचे, कूपनलिकेचे किंवा नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्षार असतात. काही दिवसांत माती मऊ होते व विरघळणारे क्षारही काही अंशी निघून जातात. रोगट, तडकलेले किंवा कापडाची वीण उमटलेले नाणे मात्र पाण्यात घालू नये.

५. पाण्यातून काढलेले नाणे मऊ सुती कापडाने, न घासता, टिपून घ्यावे आणि सावलीत, हवेशीर जागी पूर्ण कोरडे करावे. आत राहिलेला ओलावा पुढील सर्व श्रम वाया घालवितो.

येथेच थांबावे. अक्षरे स्पष्ट न झाल्यास नाणे तिरप्या प्रकाशात धरून पाहावे. खोलीत अंधार करून एका बाजूने विजेरीचा झोत टाकला, की घासूनही न दिसणारी अक्षरे सावल्यांमुळे उठून दिसतात. त्या स्थितीत काढलेले छायाचित्र अभ्यासकास पाठविणे हा वाचनाचा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

शिशाच्या नाण्यांबाबत वेगळी दक्षता हवी. करड्या, जड, पांढरट भुकटी सुटणाऱ्या नाण्यांना धुऊ नये व त्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. शिसे विषारी आहे.

तज्ज्ञांवर सोपवावयाची कामे

कांस्यरोगावर प्रयोगशाळेत उपचार होतात. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात नाणे दीर्घकाळ ठेवून क्लोराइड काढून घेणे ही जुनी पद्धत होय. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बेंझोट्रायाझोल या रसायनाचा वापर रूढ झाला. ते तांब्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावून ओलाव्यास अटकाव करणारा पापुद्रा तयार करते. त्यानंतर नाण्यावर रेझिनचा किंवा मेणाचा पातळ लेप दिला जातो. ही रसायने शरीरास अपायकारक असून त्यांची हाताळणी प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाची असते. घरी किंवा शाळेत त्यांचा प्रयोग करू नये.

केंद्र शासनाने १९७६ साली स्थापन केलेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा लखनौ येथे आहे. राज्यात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय हे या विषयातील शासकीय कार्यालय आहे. नाशिकजवळील अंजनेरी येथील, १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था नाण्यांच्या अभ्यासासाठी देशभर प्रसिद्ध आहे.

नाणी कशी ठेवावीत ?

योग्य साठवण हाच खरा उपचार होय. तांब्याच्या नाण्यांसाठी हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत असणे इष्ट आहे. यासाठी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. दाण्यांचा रंग बदलला, की ते ओलावा पिऊन तृप्त झाले असे समजावे आणि तापवून, कोरडे करून पुन्हा वापरावेत. तापविण्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये.

प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटात असावे. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे पारदर्शक कप्पे असलेले अल्बम स्वस्त व आकर्षक असतात. परंतु काही वर्षांत त्यांतून सुटणारे पदार्थ नाण्यांवर चिकट हिरवा थर आणतात. त्याऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिथिन चालते. रबराचे पट्टे व लोकरी कापड यांत गंधक असते, म्हणून ती दूर ठेवावीत. काही लाकडांतून आम्लाची वाफ सुटत असल्यामुळे बंद लाकडी पेटीही टाळावी. देवघरातील कलशात टाकलेले जुने नाणे सतत पाण्यात राहते. श्रद्धेस बाधा न आणता तेथे चालू नाणे ठेवून जुने नाणे कोरडे ठेवता येईल.

नोंदीचे महत्त्व

नाण्याइतकेच मोल त्याच्या सापडण्याच्या जागेस आहे. बाजारातून विकत घेतलेली बहमनी नाणी हजारो असतील. परंतु रेणा किंवा मांजरेच्या काठच्या अमुक गावच्या पांढरीत, अमुक खोलीवर, अमुक प्रकारच्या खापरांसोबत सापडलेले एक नाणे त्या गावाच्या इतिहासाचा दस्तऐवज ठरते. त्यावरून गावातील वस्तीचा काळ, बाजारपेठेचा संबंध व राजसत्तेचा विस्तार यांविषयी अनुमान करता येते. जागा विसरली गेली, तर हे सर्व अनुमान बंद होते. म्हणून शाळेने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत अनुक्रमांक, सापडल्याची तारीख, गाव, गट क्रमांक, सापडणाऱ्याचे नाव, सोबत सापडलेल्या वस्तू, वजन, व्यास आणि केलेली स्वच्छता, एवढे रकाने पुरेत. काहीही स्वच्छता केली नसल्यास तशीही नोंद करावी.

हंडा सापडल्यास

एकाच जागी पुष्कळ नाणी, बहुधा मडक्यात, सापडतात तेव्हा उत्साहाच्या भरात ती वाटून घेतली जातात किंवा फोडून वेगळी केली जातात. हे सर्वस्वी टाळावे. मडके, माती व नाण्यांचा एकत्र चिकटलेला गोळा जसाच्या तसा ठेवावा. नाण्यांचा क्रम, कापडाचे अवशेष व मडक्याचा प्रकार यांतून हंडा केव्हा पुरला गेला ते समजते. हिरव्या पुटाखाली चांदीची नाणीही असू शकतात.

अशा सापडलेल्या ठेव्यास कायद्याच्या भाषेत निखात निधी म्हणतात. लोक त्यास दफिना किंवा गुप्तधन म्हणतात. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमात दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण व तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविण्याचे बंधन घातलेले आहे. माहिती दडविणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. त्याचबरोबर, ठेव्यास कोणी मालक नाही असे ठरल्यास सापडणाऱ्याचा व जमीनमालकाचा हिस्साही या अधिनियमाने मान्य केला आहे आणि शासनाने तो ठेवा घेतल्यास मोबदल्याची तरतूद केली आहे. ‘सांगितले तर सारेच जाईल’ या भीतीपोटी नाणी गुपचूप वितळविली जातात. ही भीती दूर करणे हे गावच्या पुढाऱ्यांचे काम आहे. खबर मिळताच पोलीस पाटील व तहसील कार्यालय यांस कळवावे आणि पंचनाम्यात नाण्यांची संख्या व छायाचित्रे यांचा समावेश राहील हे पाहावे.

याखेरीज १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते. ते खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही आणि पुरावशेषांचा व्यापार करावयाचा असल्यास परवाना आवश्यक असतो.

स्थानिक संग्राहकाच्या चिकाटीने काय साध्य होते, याचे उदाहरण तेर येथे आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या परिसरातील पुरावशेष जमविले व पुढे तो संग्रह शासनाकडे आला. आज त्यांच्याच नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे असून प्राचीन तगराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास तेथे जावेच लागते. वस्तू गावाच्या नावानिशी राहिल्या म्हणूनच हे घडू शकले. प्रत्येक गावी संग्रहालय होणार नाही. परंतु प्रत्येक शाळेत एक नोंदवही, एक घट्ट झाकणाचा डबा व थोडे सिलिका जेल ठेवणे कोणत्याही ग्रामपंचायतीस परवडण्यासारखे आहे. नाणे कोणाचे हे आज वाचता आले नाही, तरी हरकत नाही. ते वाचू शकणारा अभ्यासक येईपर्यंत त्यास चिंच लावू नये, कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर गावाचे नाव व गट क्रमांक लिहून ठेवावा.